दुसऱ्याचे वडील शोधताना

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमच्या शेजारी एक अमेरिकन आजी राहायच्या. त्यांचे वडील हॉलिवूडच्या अगदी सुरुवातीच्या काळात मूकपटांतून कामं करायचे. नायकाची नव्हे, आज दरोडेखोर, उद्या पाद्री, परवा कुणाचा तरी म्हातारा बाप. तोंडावर कायम दाढीमिशा आणि रंग, नामावलीत नाव कधीच नाही. त्यांचे बहुतेक सिनेमे जळून नाहीतर सडून गेले होते. कुठूनसा एक सापडला, आणि आमच्या गावातल्या जुन्या थिएटरात तो एकदाच दाखवणार होते. तोवर आजींची नजर जवळजवळ गेलेली. म्हणाल्या, तू शेजारी बस आणि ते आले की मला सांग. खूण एवढीच, डाव्या हाताची करंगळी मोडून कायमची बाहेर आलेली.

तेव्हापासून घरात मी दुसरं काही बोलतच नव्हते. नवरा म्हणाला, "अगं, रिलॅक्स यार. त्या काय तुझी एक्झाम घेतायत का?" त्याला काय जातंय बोलायला! मला ओळखता आलं नाही, तर त्या बाईंना वडील पुन्हा कधीच भेटणार नव्हते. ही जबाबदारी मला नको होती, आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती.

सिनेमा सुरू झाला. माणसं भराभर येत होती, जात होती. प्रत्येक दाढीवाला मला आजींचा बाप वाटायला लागला. मध्येच हिंदुस्थानातलं एक देऊळ आलं, त्यात भटजी. जानवं उजव्या खांद्यावर! श्राद्धाला घेतात तसं, आणि हा बाबा लग्न लावतोय. माझं डोकंच फिरलं. अरे, कुणाला विचारायचं तरी. त्या जानव्यावरून माझी नजर हटेना. मग त्यानं नवरानवरीपुढे हात जोडले, आणि एक बोट जुळलंच नाही.

मी आजींचा हात घट्ट धरला. "आले. आत्ता समोर आहेत."

त्या मान उंचावून पडद्यावरच्या उजेडाकडे बघत राहिल्या. तेवढ्यात दृश्य बदललं. वडील पुन्हा आले नाहीत.

बाहेर पडल्यावर मी जानव्याचं, करंगळीचं सगळं भरभरून सांगत सुटले. जीव भांड्यात पडला होता माझा. आजी नीट ऐकून घेत होत्या.

"आणि चेहरा?" त्यांनी विचारलं. "माझ्यासारखा आहे का?"

चेहऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं.