चिमाबाईच्या उकळलेल्या पट्ट्या

निमगाव सावात कुणाकडे साखरपुडा ठरला की अंगण सारवायला चिमाकाकींना हमखास बोलावणं जायचं. हात असा की सारवणात कुठे जोड दिसायचा नाही. घाणीचा त्यांना भयंकर तिटकारा. मी गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर, पण मलाही उंबऱ्याबाहेर अडवायच्या. "दादाभाऊ, सुई मागनं, आदी पाय धू."

२००१च्या उन्हाळ्यात त्यांच्या मालकांचं, सावळेरामनानांचं, पुण्यात बायपास झालं. छातीवर टाके, आणि हृदयाला जोडायला पायातली शीर काढली म्हणून पोटरीवरही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर एकच ओळ होती : जखम व परिसर स्वच्छ ठेवावा. त्या शहाण्यांना वाटतं, स्वच्छ म्हणजे काय ते साऱ्या जगाला एकसारखंच कळतं.

मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो? छाती सुकली, पण पोटरीतून पाणी येत राहिलं. मी रोज संध्याकाळी जायचो, जखम पुसून पट्टी बांधायचो. पट्ट्या नानांच्या जुन्या धोतराच्या. "काकी, उकळून घेत जा," एवढं सांगून मी मोकळा झालो.

"उकळते की. तेवढं बी कळत न्हाई व्हय मला?"

खरंच उकळायच्या, वेगळ्या पातेल्यात, घड्याळ लावून. नाना खाटेवरून चेष्टा करायचे, "माझा च्या कधी इतका उकळला न्हाई हिनं!"

तरी जखम चिघळली. पू झाला, ताप चढला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. नानांना शुगर होती, म्हणून मी सगळं खापर शुगरवर फोडलं. पुण्याला परत न्यायचं ठरलं, तेव्हा गाडीची वेळ सांगायला मी पहिल्यांदाच भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. अंगणाचा एक कोपरा ताजा सारवलेला होता आणि त्या शेणावर धोतराच्या पट्ट्या ओळीनं वाळत घातल्या होत्या.

"दोरीवर कावळं बसत्यात," काकी कौतुकानं म्हणाल्या. "म्हनून हितं घालते. रोज सकाळी नवं सारवते, पट्ट्यांपुरतं."

माझं डोकं फिरलं. "अहो, शेणावर? ह्यानंच पिकलाय पाय!" मी ओरडलो. ओरडायचं होतं ते स्वतःवर. महिनाभर त्या पट्ट्या मीच बांधत होतो, त्या कुठे वाळतात हे एकदाही विचारलं नव्हतं. काकींनी खाली बसून एकेक पट्टी उचलली आणि ओच्यात घेतली.

पुण्यात कळलं की विष रक्तात भिनलंय. चौथ्या दिवशी नाना गेले.

दहाव्याला घर सारवायचं होतं. बायकांनी शेणाची पाटी पुढे ठेवली, तर काकींचा हात पुढे होईना. शेवटी जावेनं सारवलं. त्यानंतर गावात कुणी त्यांना सारवायला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी त्या गेल्या नसत्या.

मी अजून अधूनमधून जातो. एकदा पावसात चिखलाच्या पायांनी तसाच उंबऱ्याशी उभा राहिलो, मुद्दाम. म्हटलं, आता तरी खेकसतील. काकींनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"ये आत," म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तसंच."