खांदा माझा, तेल पायाला

बैलगाडीतनं पडून माझा उजवा खांदा धरला, त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही चौघी बहिणी दर कार्डात एकच लिहिता, "आता वय झालं." वय झालं ते मला ठाऊक हाय, औषध सांगा! असो. बेलापूरकरणींनो, सगळ्या खुशाल असाल.

आज सकाळी आमच्या बाळंतीण नातसुनेला तेल लावायला केडगावची हमीदाबी आली. सून माझा अंबाडा घालत हुती, ते तिनं पाहिलं. म्हणाली, "आजी, हितं पडा."

मी पडले, तर बाई माझे तळपाय चोळायला लागली.

"अगं, खांदा वर हाय. वाट चुकलीस व्हय?"

"खांदा कुठं पळतोय? हात जपता जपता सगळं अंगच आखडलंय तुमचं. गप पडा."

पोटऱ्या, कंबर, पाठ असं करत ती वर आली. खांद्यावर शेवटी नुसता तळहात ठेवला अन् म्हणाली, "श्वास सोडा." एवढा श्वास मी कुठं कोंडला हुता, कुणास ठाऊक!

उठले तर हात कानापर्यंत गेला. काल हनुवटीशी अडत हुता. सून म्हणाली, "तेलाची ऊब हाय, उद्या उतरंल." हमीदाबी म्हणाली, "थोडं उतरंल, सगळं न्हाई."

मला माझा अंबाडा माझ्या हातानं घालायचाय, एवढंच. असा मोकळा झालेला हात टिकतो का? उत्तर एकट्या गोदीनं लिहावं, तिचा मोडका पाय चोळूनच चालता झालाय. बाकीच्या तिघींनी दौत उघडू नये.