समितीनं न सोडवलेला चौक

आमच्या वस्तीतल्या पोरांच्या दोन टोळ्यांत भर चौकात कोयते निघाले आणि एका पोराची दोन बोटं गेली. मग पोलिसांनी आम्हा प्रतिष्ठितांना बोलावून तरुणांना वळण लावण्यासाठी समिती नेमली. मी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे रिकामा. शिवाय एक चादरींचे व्यापारी, एक मशिदीचे विश्वस्त आणि गेली कित्येक वर्षं 'भावी'च राहिलेले एक नगरसेवक.

पहिल्या बैठकीत चहा झाला. दुसऱ्या बैठकीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तिसऱ्या बैठकीत पोरांसाठी माझं व्याख्यान ठरलं. त्याला झाडून सगळे ज्येष्ठ नागरिक आले. त्यांच्यापैकी कुणी कोयता बाळगत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्याच आठवड्यात एका टोळीच्या म्होरक्यानं चौकात तलवारीनं केक कापला. बॅनरवर शुभेच्छुकांमध्ये भावी नगरसेवक होते, व्यापारी होते आणि कोपऱ्यात मी. न विचारता फोटो छापला म्हणून मला संताप आला. तो बरा आलाय, हेही लक्षात आलं.

पुढच्या बैठकीला, ज्याची बोटं गेली त्याची आई न बोलावता आली. ती विड्या वळायची. आम्ही तिला दुसऱ्या व्याख्यानाचा विषय समजावून सांगितला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला.

"तुमी बोलत बसा सर," ती म्हणाली. "आमी नुसतं बसतो."

तिथून ती थेट गेली ती कोयता चालवणाऱ्या पोराच्या घरी. त्याची आईही विड्याच वळायची. दोघी काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही; खूप वेळ दोघी रडत होत्या, एवढं शेजारणीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी मांडीवर सुपं घेऊन, चौकात पोरं जमायची त्याच कट्ट्यावर विड्या वळत बसल्या. आठवडाभरात दोन्ही गल्ल्यांतल्या बारा-पंधरा बायका तिथं येऊ लागल्या.

म्होरक्या गाडी फिरवत आला. एकीनं त्याला जेवलास का विचारलं, दुसरीनं त्याच्या लहानपणीच्या जुलाबाची आठवण काढली. आईच्या मैत्रिणींसमोर भाईगिरी करता येत नाही, हे मानसशास्त्र आम्हाला बी.एड.ला नव्हतं.

पोरं मग बंद गिरणीमागं जमायला लागली. बायका पाळ्या लावून तिथंही गेल्या. शेवटी बरीच पोरं कंटाळून पांगली. तिघं टॉवेलच्या कारखान्यात लागली. म्होरक्या मात्र दुसऱ्या वस्तीत जाऊन पुन्हा एका मारामारीत अडकला; सगळं साधलं असं नाही. पण आमच्या चौकात त्यानंतर कोयता निघाला नाही.

वर्षअखेरीस समितीचा सत्कार झाला. भावी नगरसेवकांनी सामूहिक प्रयत्नांवर भाषण केलं. बायकांना बोलवायचं राहून गेलं होतं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा शाल खांद्यावर पडली होती, टाळ्या चालू होत्या, आणि ती काढून ठेवायचं धैर्य मला झालं नाही.