हिवाळ्यातच काढायचा मोतीबिंदू

आमच्या हिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, एका जागी स्वस्थ बसलेले या जगात कोणीही पाहिलेले नाहीत. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ते मांडवाचा ढिला दोर बांधून आले होते म्हणे. आणि हे सांगणारी त्यांची सख्खी बहीणच असल्याने शंका घ्यायची माझी प्राज्ञा नाही. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी त्यांनी केली, तीही उभ्याने. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा! निवृत्तीनंतर चुका पुरेनात, म्हणून दादांनी दिवेघाटाच्या वरच्या माळावर दोन खोल्या बांधल्या आणि रात्री जनावरं काय लिहून जातात ते तपासायला घेतलं. दिवाळीचा फराळ संपला की वारज्याचा फ्लॅट बंद, तो होळीपर्यंत. वहिनी गेल्यापासून तर त्यांना थोपवणारंही कोणी उरलं नाही.

रोज संध्याकाळी घराभोवती पीठ चाळावं तशी माती चाळायची, केरसुणीने सारखी करायची आणि सकाळी चहाच्या आधी ओणवं होऊन ती वाचायची, हा त्यांचा नेम. मुंगूस, ससा, खोकड, सगळ्यांची हजेरी लागायची. आम्ही पाहुण्यांनी मात्र त्या मातीवर पाय ठेवायचा नाही, उंबऱ्यावरून उडी मारून पलीकडे जायचं. हिने एकदा गुडघे दुखतात म्हणून कुरकुर केली. "मग पुण्यात राहा. तिकडे कुठंही पाय ठेवायची मोकळीक आहे," दादा म्हणाले. मी एकदा सुपारी समजून कपाटातली डबी उघडली, तर आत सशाच्या लेंड्या! मी दचकलेला पाहून म्हणतात कसे, "घ्या घ्या, शुद्ध शाकाहारी आहे." असल्या माणसाकडे दर शनिवारी घाट चढून मी का जायचो, हे मलाही नीटसं सांगता येत नाही. आवडायचे मला ते, बस.

दादांचा सगळा जीव अडकला होता तो एका तरसात. पूर्वी ते आठवड्यातून एकदा तरी घरामागून जायचं. पण गेले दोन हिवाळे त्याचा मागमूस नव्हता. माळावर प्लॉटचे दगड रोवले गेले होते, जेसीबी फिरत होते. दादा दिवसातून दहा वेळा घराला फेऱ्या घालायचे, ओढ्यापर्यंत जाऊन यायचे, घास हातात घेऊन खिडकीशी उभे राहायचे. "ते आहे," म्हणायचे, "मला माहीत आहे ते आहे."

याच सुमारास त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धरले. आता हिवाळ्यात माळ सोडवत नाही, तर उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करून मोकळं व्हावं की नाही? छे! मोतीबिंदू हिवाळ्यातच काढायचा असतो, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, आता बारा महिने होते ही शस्त्रक्रिया." दादा म्हणाले, "तुमची होत असेल, माझे डोळे जुने आहेत." उन्हाळ्यात चालत नाही आणि हिवाळ्यात वेळ नाही, अशी दोन वर्षं गेली. डॉक्टरांनी बजावलं, फार पिकला तर अवघड होऊन बसेल. शेजारच्या वस्तीवरच्या पारूबाई त्यांना भाकरी करून द्यायच्या. त्यांनी मला एकदा बाजूला घेतलं. "दादास्नी दिसंना झालंय बगा. काल चुलीपाशी मी बसल्याली, तर मलाच मांजर समजून हाकललं की वो!"

आणि यंदा जानेवारीतल्या एका सकाळी दादा ओरडले, "अहो, लवकर या! आलं!"

मी उडी मारून बाहेर गेलो. दादा मातीशी ओणवे झाले होते. "बघा, चार बोटं. पुढचा पाय मोठा, मागचा लहान. तरसच! म्हटलं नव्हतं मी?" इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. मी खाली पाहिलं. आदल्या संध्याकाळी माती सारखी करून उठताना दादांनी दोन्ही मुठी जमिनीवर टेकल्या होत्या. उजवीचा ठसा खोल होता, डावीचा उथळ, आणि उजव्या ठशात त्यांच्या पुष्कराजाच्या अंगठीचा चौकोनी खड्डा स्पष्ट उमटला होता.

गप्प बसलो असतो तर ते हिवाळाभर खूष राहिले असते. आणि डोळे गेले असते.

"दादा," मी म्हटलं, "हा तुमचा हात आहे."

चाचपडत त्यांनी मूठ त्या ठशावर ठेवली. ती बरोब्बर बसली. बराच वेळ त्यांनी ती उचलली नाही. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन लावा. हिवाळा आहे तोवर उरकून घेऊ."

दुपारी आम्ही निघालो. गाडीत त्यांची चुळबुळ चालूच होती, कधी पट्टा सोड, कधी काच खाली कर. घाट लागला तसे ते म्हणाले, "एक विचारू? दोन हिवाळे ते आलंच नाही, की येऊन गेलं आणि मलाच दिसलं नाही हो?"

आलं असेल, असं म्हणायला काय जात होतं माझं! पण सकाळी खरं बोलून बसलो होतो. "माहीत नाही, दादा," म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि खिडकीतून माळाकडे बघत राहिले. वळणावळणांत माळ केव्हाच दुसऱ्या बाजूला गेला होता. तेवढं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.