एब्नरबाईंची एकमेव चूक

म्युनिकच्या एका जुन्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्याच्या दारावर, पितळी पाटी होती: डॉक्टर कोर्बिनियान श्ट्रेल, पेटंट वकील. त्या दाराआड खिडकीकडे पाठ करून वालबुर्गा एब्नर एकतीस वर्षं बसल्या. पाटीवर त्यांचं नाव नव्हतं, आणि ते असावं असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. काही माणसं रंगमंचावर न येताच नाटक तोलून धरतात. बाई त्यातल्या.

त्यांचं काम मुदती सांभाळण्याचं. पेटंट कार्यालयाचं पत्र येतं: तपासनिसांना शंका आहेत, चार महिन्यांत उत्तर द्या. किंवा अर्ज फेटाळला आहे, दोन महिन्यांत अपील करा. दिवस चुकला, की कुणीतरी दहा वर्षं डोकं खपवून शोधलेली वस्तू त्याची राहत नाही. मग दारात बसून रडलं तरी कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून बाईंच्या टेबलावर संगणकाशेजारी जाड पुठ्ठ्याची मुदतवही असे. एकाने मुदत मोजून लाल शाईने लिहायची, दुसऱ्याने ती नव्याने मोजून हिरवी खूण करायची, असा त्या धंद्याचा शिरस्ता. लाल आकडा बाईंचा, हिरवी खूण डॉक्टरांची. डॉक्टर फोनवर बोलता बोलता, न मोजताच, पानभर हिरव्या खुणा करून मोकळे होत. म्हणून बाई प्रत्येक मुदत दोनदा मोजत, एकदा स्वतःसाठी आणि एकदा डॉक्टरांसाठी.

दर ऑक्टोबरला डॉक्टर श्ट्रेल पेटंट वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेत. युरोपीय पेटंटची तपासणी कशी चालते, कुठल्या पत्राला काय उत्तर द्यायचं, दिवस कसे मोजायचे, हे सगळं त्यात येई. देशोदेशीचे तीस-पस्तीस उमेदवार, इझार नदीकाठचं एक सभागृह, मधल्या सुट्टीत प्रेट्सेल आणि कॉफी. व्यासपीठावर डॉक्टर. काय आवाज होता त्या माणसाचा! शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत जाई. शेवटच्या रांगेतच बाई बसत, मांडीवर राखाडी फाइल घेऊन. डॉक्टर जे वाचत ते बाईंनी लिहिलेलं असे. उदाहरणं बाईंची, मधले विनोदही बाईंचे. व्यासपीठावर फक्त वकिलानेच उभं राहायचं अशी रीत होती, आणि बाई वकील नव्हत्या.

त्या वर्षीच्या वर्गाला महत्त्व आलं होतं, कारण नियम बदलत होता. टपालाच्या काळापासून अशी सवलत होती, की कार्यालयाच्या पत्रावर जी तारीख असेल तिच्या दहा दिवसांनंतर ते पोचलं असं धरायचं आणि तिथून मुदत मोजायची. ते दहा दिवस पहिल्या नोव्हेंबरपासून रद्द. पत्रावरची तारीख तीच पोचल्याची तारीख.

"उमेदवारहो," डॉक्टर हात पसरून म्हणाले, "ते दहा दिवस आता स्वर्गवासी झाले. फुलं वाहा आणि विसरा!"

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या एका डॅनिश मुलीने विचारलं, "पण पत्र खरंच उशिरा पोचलं तर?"

डॉक्टरांची नजर तीस डोक्यांवरून शेवटच्या रांगेत गेली. बाईंनी ओठ हलवले: सात दिवसांपेक्षा जास्त उशीर, तरच वरचे दिवस. डॉक्टरांनी ते झेललं आणि असं काही सुनावलं, की मुलगी भराभर लिहून घेऊ लागली. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. उलट अंगावर काटा येई.

नोव्हेंबरात बाईंच्या कमरेच्या सांध्याने शेवटी हट्ट पुरा करून घेतला. शस्त्रक्रिया उन्हाळ्यातच झाली होती, पुढचे उपचार राहिले होते. आता तीन आठवडे बाड आइब्लिंगच्या उपचारकेंद्रात, चालायला शिकायला. तेरा तारखेला निघायचं होतं.

"वहीचं काय, डॉक्टरसाहेब?"

"मी आहे ना! तीन आठवड्यांनी काही आभाळ कोसळत नाही."

पंधरा नोव्हेंबरच्या तारखेने कार्यालयाचा एक निकाल आला. क्विरिन लेशनर यांचा अर्ज फेटाळला होता.

हा लेशनर मीसबाखकडचा, गाईंचे खूर तासणारा. लंगड्या गाईच्या खुराला बांधायचा रबरी बूट त्याने शोधून काढला होता. गाय स्वतः पाय टेकवते आणि तिच्याच वजनाने खटका बसतो, लाथ खायची वेळ येत नाही. सात वर्षं आणि मोडलेल्या दोन बरगड्या त्यात गेल्या होत्या. तो डॉक्टरांशी कधी बोलत नसे. बाईंना फोन करी.

"काय बाई, जिवंत आहे का आमचं लेकरू?"

"जिवंत आहे, लेशनर. तपासनीस म्हणतात, यात नवी बुद्धी काय आहे."

"त्यांना म्हणावं, एकदा गाईच्या मागे उभे राहा. बुद्धी आपोआप येते!"

बाई फोन ठेवून एकट्याच हसत.

चार डिसेंबरला त्या काठी टेकत परतल्या. वहीत तीन आठवड्यांच्या चाळीसेक नोंदी. लाल आकडे डॉक्टरांच्या हातचे, आणि हिरव्या खुणाही त्यांच्याच. रजेवरून आलं की मागचं सगळं नव्याने मोजायचं, हा बाईंचा स्वतःचा नियम. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं, पेन्सिल घेतली, सहा नोंदी मोजल्या. ती पत्रं ऑक्टोबरातल्या तारखांची, जुन्या नियमाची होती; सहाही बरोबर निघाल्या. तेवढ्यात डॉक्टर कॉफीचा कप घेऊन दारात उभे.

"माझी परीक्षा घेताय, एब्नरबाई?"

"नाही, सवय म्हणून..."

"अहो, तो नियम अख्ख्या सभागृहाला मी शिकवला! बसा, आधी कंबर सांभाळा."

बाई ओशाळल्या. गुरूची पाटी तपासताना विद्यार्थी सापडावा तशा. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि वही मिटली. लेशनरची नोंद सातवी होती.

तिथे लिहिलं होतं, पंचवीस जानेवारी. खरी मुदत होती पंधरा. व्यासपीठावरून ज्यांना फुलं वाहिली ते दहा दिवस डॉक्टरांच्या बोटांत शाबूत राहिले होते. तीस वर्षं बोटांना जी सवय होती तसंच त्यांनी मोजलं. तोंडाने म्हटलेलं भाषण बोटांपर्यंत पोचायला आधी ते समजून म्हणावं लागतं. अपिलाची फाइल डॉक्टरांच्या खोलीत होती. त्यांनी ते स्वतः लिहिलं आणि बावीस जानेवारीला धाडलं, तीन दिवस राखून, मोठ्या ऐटीत.

फेब्रुवारीत अपील मंडळाचं पत्र आलं. अपील उशिरा दाखल झालं, सबब ते नाहीच असं धरलं जाईल. वहीतल्या उरलेल्या नोंदी बाईंनी त्याच दिवशी मोजून दुरुस्त केल्या; त्या सगळ्या चार महिन्यांच्या होत्या, वेळ अजून हातात होता.

डॉक्टर दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना आत बोलावलं, स्वतः खुर्ची पुढे केली.

"एक वाट आहे," ते म्हणाले. "गेलेला हक्क परत मागता येतो. पण पुरेपूर काळजी घेऊनही चूक झाली हे दाखवावं लागतं. विश्वासू, अनुभवी कर्मचाऱ्याच्या हातून आयुष्यात एकदा झालेली चूक असेल, तर मंडळ ऐकून घेतं. तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक नसायला काय झालं? वर्गातला तो धडा बाईंनीच लिहिला होता.

"मी मसुदा केलाय. ऐका." डॉक्टरांनी चष्मा लावला, आणि तो आवाज लागला. "'श्रीमती एब्नर यांची नेमणूक अत्यंत पारखून केलेली आहे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मुदत चुकलेली नाही. नवे नियम त्यांना कार्यालयात सर्वांत आधी अवगत असतात. त्यांच्याइतकी दक्ष आणि विश्वासपात्र व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.'"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकतीस वर्षांत या माणसाने वाढदिवसाला हात मिळवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आणि आता हे सगळं, एका दमात, त्या आवाजात. त्यांना वाटलं, थांबू नये, वाचत राहावं.

"'तथापि वीस नोव्हेंबर रोजी, मुदत नोंदवताना, त्यांनी अनवधानाने...'"

"वीस नोव्हेंबरला मी नव्हते."

"नव्हतात म्हणजे?"

"बाड आइब्लिंगला होते. तीन आठवडे. तुम्ही मला फुलं पाठवली होती."

"मी?"

"चिठ्ठीवर तुमचं नाव होतं," बाई म्हणाल्या. "जाण्याआधी दुकानात सांगून मीच गेले होते. दरवेळी सगळ्यांची मीच पाठवते."

डॉक्टर खजील झाले, पण क्षणभरच. खोडरबर घेऊन ते पुन्हा कामाला लागले. "मग असं लिहू. तुम्ही परत आलात. रजेनंतर सगळ्या नोंदी पुन्हा मोजायचा तुमचा नियम आहे, हो ना? ही मोजायची राहिली. हे खोटं आहे का?"

हे खोटं नव्हतं. त्या खोलीत तेवढं एकच वाक्य पूर्ण खरं होतं. ती सातवी नोंद गेले तीन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "सही करते. फक्त आणखी एक वाक्य घाला. की मूळ नोंद आणि खूण, दोन्ही तुमच्या हातची होती."

"मग काहीच उरत नाही! अहो, वकिलाला नियम माहीत नसला तर त्याला माफी नाही. कारकुनाच्या चुकीला आहे. तुम्ही उमेदवारांना हेच तर शिकवता."

"तुम्ही शिकवता, डॉक्टरसाहेब. मी लिहून देते."

"शब्दात पकडू नका. त्या एका वाक्याने लेशनरचा हक्क जाईल. माझं काय, विमा कंपनी बघेल. त्या म्हाताऱ्याचं काय?"

म्हणजे चूक कुणाची होती हा प्रश्नच नव्हता. कुणाची असलेली परवडते, एवढाच प्रश्न होता. कायदा लहान माणसाची चूक पोटात घालतो. म्हणून वेळ आली की कुणाला तरी लहान व्हावं लागतं, आणि त्यासाठी आधी त्याची इतकी स्तुती करावी लागते, की ऐकून त्याचेच कान तापावेत.

"उद्या सांगते," म्हणून बाई उठल्या.

टेबलाशी पोचतात तोच फोन वाजला.

"काय बाई, लेकरू जिवंत आहे ना?"

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"गेल्या जत्रेत एका मोठ्या कंपनीचा माणूस भेटला," लेशनर सांगत होता. "म्हणाला, आजोबा, तुमचं पेटंट झालं की कळवा, नाही झालं तरी कळवा. हसत होता लेकाचा! नाही झालं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या कारखान्यात माझा बूट बनेल, म्हणत होता. एकाहत्तर झाली हो मला. आता नवीन काय शोधू?"

"अजून निकाल नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही करतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सही केली. ते एक वाक्य न घालता. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खरं होतं, हे बाईंना कळत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

अशी प्रकरणं बंद पाकिटात राहत नाहीत. पेटंटची फाइल जगाला उघडी असते. म्युनिकमधल्या बाकीच्या पाट्यांमागच्या बायका, ज्या तीस वर्षं अडल्यानडल्या बाईंना फोन करून दिवस विचारत, त्यांनी ते वाचलं. त्यानंतर फोन यायचे थांबले. ऑक्टोबरच्या वर्गाआधी डॉक्टर म्हणाले, "यंदा तुम्ही न आलात तर बरं. उमेदवार फाइली वाचतात, उगाच कुजबुज होईल. फाइल तेवढी तयार करून द्या." बाईंनी ती तयार करून दिली. मागच्या रांगेत कुणी नसताना वर्ग कसा झाला हे त्यांनी विचारलं नाही. नेहमीसारखीच टाळी पडली, असं मागाहून कानावर आलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मंडळाने मान्य केलं: विश्वासू कर्मचाऱ्याची एकमेव चूक. लेशनरचा हक्क परत मिळाला, अपील उभं राहिलं.

मे महिन्यात तो स्वतः म्युनिकला आला. चांगला कोट, हरणाच्या शिंगाची बटणं. इतक्या वर्षांत बाई त्याला पहिल्यांदा पाहत होत्या. आवाजावरून त्यांना वाटला होता त्याहून तो बुटका निघाला. तो डॉक्टरांच्या खोलीत अर्धा तास होता. आतून हसण्याचा आवाज येत होता. मग दोघं बाहेर आले आणि लेशनर बाईंच्या टेबलासमोर थांबला.

"तुम्हीच ना बाई?"

"मीच."

"मी वाचलं सगळं. नातीने काढून दिलं." त्याने टोपी हातात फिरवली. "आधी फार संतापलो होतो, खोटं कशाला बोलू. फोनवर मला म्हणायचात, करतोय, करतोय, आणि घोटाळा तर तुम्हीच घातलेला! पण डॉक्टरांनी समजावलं. तुम्हाला वाचवायला किती धडपडले ते! जाऊ द्या. माणसाच्या हातून होतं. मी माफ केलं."

त्याने हात पुढे केला. खूर तासून तासून राठ झालेला, प्रामाणिक हात. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

बाईंनी हात मिळवला. "हो," त्या म्हणाल्या. "होतं."

"फक्त एक," लेशनर अवघडून म्हणाला. "राग मानू नका. माझी फाइल पुढे दुसऱ्या कुणाकडे द्याल का? या वयात धाकधूक सोसत नाही."

"अर्थातच," डॉक्टर म्हणाले. "मी जातीने बघेन."

बाईंनी कपाट उघडलं, फाइल काढली, तिची दोरी नीट बांधली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"पुढची मुदत तीस सप्टेंबर," त्या म्हणाल्या. "मी मोजली आहे. पण तुम्ही पुन्हा मोजून घ्या."

लेशनरने समाधानाने मान डोलावली. बाईला शहाणपण आलं, असं त्याला वाटलं असावं.