रेनाबाईनं दिवा सोडला तेव्हा

विमल गेल्याची बातमी आली तेव्हा मी ओट्यावर बसले होते. चारचा सुमार असेल. विमल बिड्यांची पिशवी घेऊन ब्रँचला गेली होती. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात गल्लीगल्लीत बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. दिवसभर घरी वळायचं आणि कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायचं, असा सगळ्यांचा नेम. समोरच्या घरातली लक्ष्मी पळत आली. ती पण बिड्या द्यायला गेली होती. म्हणाली, “मामी, विमलक्का ब्रँचच्या पायरीवर बसली, ती बसलीच वो...” मी म्हणाले, “बसली तर उठव की तिला.” लक्ष्मीनं तोंडावर पदर घेतला. तेव्हा मला कळलं. मी दोन्ही हात फरशीला लावले, पण उठता आलं नाही. माझे गुडघे कधीचेच गेलेत. ओट्यावरून मला रोज विमलच उठवायची, काखेत हात घालून, एका झटक्यात. तिच्याकडं जायचं होतं आणि उठवायला तीच नव्हती. मी तशीच बसून राहिले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात अर्धी वळलेली बिडी. ती बिडी मी पुरी केली. दुसरं काही सुचलं नाही.

विमल माझी नणंद, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बाविसाव्या वर्षी नांदायला गेली आणि वर्षाच्या आत परत आली. तिथं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मागच्या खोलीत राहिली ती शेवटपर्यंत. गेलेल्या माणसाला लोक लगेच देव करतात. दिवसकार्याला आलेला जो तो म्हणत होता, किती शांत, किती सोशिक. मी तिच्याबरोबर चाळीस वर्षं एका घरात काढली. ती शांत नव्हती. राग आला की तीन तीन दिवस अबोला धरायची आणि मला नेमकी करपलेली भाकरी वाढायची. पण माझी सासू नऊ वर्षं अंथरुणावर होती, तिची कूस बदलायचं काम विमलनं केलं. सासू गेली, माझे मालक गेले, मुलगा पुण्याला गेला, मग माझे गुडघे गेले. एकाचं करणं संपलं की दुसऱ्याचं सुरू. घराचं दार उघडंच होतं. तिला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले.

ती सातवी शिकलेली, मी चौथी. वाचायचा नाद तिला, मला नाही. गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय आहे, तिथून ती पुस्तक आणायची आणि दुपारी ओट्यावर मोठ्यानं वाचायची. आम्ही तिघी, म्हणजे मी, लक्ष्मी आणि शेजारची शांताबाई, वळत वळत ऐकायचो. वाचणाऱ्या बाईचे हात रिकामे राहतात, तिच्या बिड्या मागं पडतात. म्हणून वाचून झालं की प्रत्येकीनं आपल्या सुपातले दोन दोन कट्टे तिच्या सुपात टाकायचे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. वाचलेलं आवडलं तर एखादी तीन टाकायची, कंटाळा आला तर एकच. धडा संपला की विमल सुपाकडं बघायची आणि विचारायची, “बोला, कसं वाटलं?” सुपात किती पडले त्यावरून तिला आधीच कळलेलं असायचं. एकदा ब्रँचमधल्या तपासणाऱ्यानं तिची पिशवी उपडी केली आणि म्हणाला, “बाई, ही बिडी एका हाताची न्हाय. कुठली आवळ, कुठली ढिली. चार हात दिसतेत.” विमल म्हणाली, “चारी हात सोलापूरचेच हायत की. जळतीय ना बिडी? मग घ्या.” त्यानं निम्म्या बिड्या छाट म्हणून बाजूला काढल्या, पण हसला.

टीव्हीवर एक परदेशी सिनेमा हिंदीत लागायचा, त्याचे तीन भाग. आकाशात लांब, सूर्यसुद्धा नीट दिसत नाही अशा जागी फुटक्या दगडांचा पट्टा आहे. त्यातून जहाजं जातात. त्यांना वाट दिसावी म्हणून एका दगडावर चौकी आहे आणि चौकीत मोठा दिवा. तो दिवा सांभाळणारी बाई म्हणजे रेना. आम्ही तिला रेनाबाई म्हणायचो. पहिल्या दोन भागांत नुसती मारामारी. तिसऱ्याच्या शेवटी सगळे शेवटच्या जहाजातून निघून जातात आणि कुणीतरी दिवा लावायला पाहिजे म्हणून रेनाबाई मागं राहते. जहाज लांब जात राहतं, दिवा दिसत राहतो. लक्ष्मी दरवेळी रडायची. मी रडत नव्हते. मला वाटायचं, बरोबर आहे, कुणीतरी राहायला पाहिजे. विमल एवढंच म्हणायची, “तिला कुणी इचारलं का?” मी म्हणायचे, “काय इचारायचं?” “राहतीस का म्हणून.”

दोन वर्षांपूर्वी विमल वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आली. वर रेनाबाईचं चित्र. सिनेमा जिथं संपला तिथून पुढची गोष्ट कुणीतरी कादंबरीत लिहिली होती आणि तिचं मराठी झालं होतं. वाचनालय सांभाळणाऱ्या गुरवांनी तिला देतानाच सांगितलं होतं, “बघा बुवा, निम्मे लोक डोक्यावर घेतात आणि निम्मे आपटून जातात.” खरंच, पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्यांनी आपापलं लिहून ठेवलं होतं. विमलनं ते आधी वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, सिनेमाची वाट लावली. त्याच्याखाली दुसऱ्यानं, तुला कळलं नाही, पुन्हा वाच. तिसऱ्यानं, आमची रेना अशी नव्हती. चौथं अक्षर बाईचं वाटत होतं... सिनेमापेक्षा पुस्तक खरं आहे. शांताबाई म्हणाली, “अव्वा, भांडत्यात की ही लोकं! पुस्तक हाय का पाण्याचा नळ?”

त्याच दिवसांत दुसरीही एक गोष्ट चालली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शांताबाईचं माहेर अक्कलकोटचं. तिचा भाऊ तिथं मुलींच्या एका वसतिगृहात राखणदार आहे. त्यांना राहून मुलींकडं बघणारी, अभ्यासाला बसवणारी बाई पाहिजे होती. सातवी झालेली चालत होती. खोली देणार, जेवण देणार. शांताबाईनं माझ्यादेखत विमलला सांगितलं. “मुलींना वाचून दावशील की गं! महिना सरायच्या आत कळव म्हणालाय.” विमल हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतल्या दोन साड्या काढून उन्हात टाकल्या. एसटीच्या वेळा लिहून आणल्या आणि कागद देवाच्या फोटोमागं ठेवला. मला गुडघे नव्हते, पण डोळे होते. ती गेली तर मला सकाळी संडासापर्यंत कोण नेणार, एवढा एकच विचार मी आठ दिवस करत होते. तोंडानं बोलले नाही.

पुस्तक चांगलं चाललं होतं. रेनाबाई चौकीवर एकटी, दिवा लावते, यंत्र पुसते, भिंतीशी बोलते. लांबून जहाजं जातात, आतले लोक दिव्याला हात जोडतात, तिला कुणी ओळखत नाही. हे वाचताना विमलचा आवाज बारीक व्हायचा. लक्ष्मी तीन तीन कट्टे टाकत होती. आणि मग एका दुपारी तो धडा आला. माल घेऊन एक लहान जहाज चौकीवर थांबतं. त्याचा चालक सहज म्हणतो, एक जागा आहे, येतेस? रेनाबाई दिव्याकडं बघते, तेल-पाणी भरल्यासारखं सगळं यंत्र भरून ठेवते, आणि जाते. मागं वळून बघत पण नाही.

विमल थांबली. मग लक्ष्मी म्हणाली, “अय्यो, बरं झालं! किती दिवस एकटीनं दिवा लावत बसंल ती?” शांताबाईला पटलं नाही. “सिनेमात ऱ्हायली म्हणून तर तिला एवढं नाव मिळालं. ह्या लिहिणाऱ्यानं घालवलं सगळं.” लक्ष्मी म्हणाली, “नाव काय चाटायचं हाय का?” दोघींची जुंपली. विमल हसत होती. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, “वहिनी, तुमी बोला. कसं वाटलं?”

मी म्हणाले, “जिच्या जिवावर माणसं हायत तिनं असं निघून जायचं म्हंजे बेइमानी हाय. मला न्हाय आवडलं.” आणि तिच्या सुपात टाकायला काढलेले दोन कट्टे मी परत माझ्या सुपात ठेवले.

इतकी वर्षं ती वाचत होती, माझ्याकडून एक तरी कट्टा पडायचाच. त्या दिवशी एकही नाही. विमलनं माझ्या हाताकडं बघितलं, मग आपल्या सुपाकडं. पुस्तक मिटलं आणि भाकरी टाकायला आत गेली. शांताबाई आणि लक्ष्मीला वाटलं, पुस्तकावरून रुसली. संध्याकाळी ती माझ्या गुडघ्यांना तेल लावत होती. खाली बघूनच तिनं विचारलं, “वहिनी, तुमी दुपारी पुस्तकाबद्दल बोलला का माझ्याबद्दल?”

मी म्हणाले, “पुस्तकाबद्दल.”

“मग ठीक हाय,” म्हणाली. तेल जिरेपर्यंत चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तक तिनं परत केलं. शेवटचे चार धडे राहिले होते. लक्ष्मी चिडली, “अगं पुढं काय झालं ते तरी कळू दे!” विमल म्हणाली, “लोकांना न्हाय आवडत ते कशाला वाचायचं?” शांताबाईला सांगितलं, जमत नाही म्हणून कळव. उन्हात टाकलेल्या साड्या घडी करून ट्रंकेत गेल्या. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्यानंतर दोन वर्षं ती वाचत होतीच. पोथ्या वाचल्या, भुताच्या गोष्टी वाचल्या. आम्ही कट्टे टाकत होतो, मी तर जास्तच टाकत होते. पण धडा संपला की “बोला, कसं वाटलं?” हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पुस्तक मिटायची आणि उठायची. करपलेली भाकरीही वाढायची बंद झाली. अबोला नाही, राग नाही. सगळं वेळच्या वेळी. मला वाटायचं, निवळली आता. आज कळतं की ती त्याच दिवशी माझ्याशी बोलायची थांबली होती. मला ते दोन वर्षं ऐकूच आलं नाही.

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, पुण्याला चल. तिसऱ्या मजल्यावर मला काय करायचंय? मी इथंच आहे. सकाळी लक्ष्मी येऊन उठवते, संध्याकाळी शांताबाई. लक्ष्मीला उशीर होतो, शांताबाई कुरकुरते, एकदा दोघींनी मिळून मला पाडलं. पण चालतंय. एवढंच होतं तर ते दोन वर्षांपूर्वीही चाललं असतं. हे मी मनातल्या मनात शंभरदा म्हणून बघितलं, प्रत्येक वेळी ते खरंच निघालं.

मग मी गुरवांकडून ते पुस्तक मागवलं. लक्ष्मीनं आणून दिलं. चौथीची बाई मी, जोडाक्षर आलं की अडते. चार धडे वाचायला मला अकरा दिवस लागले. चौकीवर नवी माणसं येतात, दोघं. शिव्या देत देत दिवा लावतात. दिवा विझत नाही, जहाजं बुडत नाहीत. रेनाबाई कुठल्याशा गावात उतरते. तिथं तिला कुणी ओळखत नाही. एक खोली घेते, आतून दार लावते आणि झोपते. पुस्तक संपलं. मागच्या पानावर एकानं लिहिलंय, शेवट फुसका, वेळ वाया. त्याला वाटत असेल, मोठी लढाई पाहिजे होती. मला तो फुसका वाटला नाही. मी ते शेवटचं पान पुन्हा एकदा अक्षर लावून वाचलं.

दुसऱ्या दिवशी शांताबाईला म्हणाले, मला अक्कलकोटला ने. तिला वाटलं, मठात जायचंय. मी म्हणाले, तुझ्या भावाच्या वसतिगृहात. एसटीत मला चढवताना कंडक्टर वैतागला. तासाभराचा रस्ता. इतका जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी तिकडं कधी गेले नव्हते, आणि विमल तिथं जायची म्हणजे जगातूनच जाणार, असं मी धरून चालले होते.

तिथं आता दुसरी बाई आहे, चाळिशीची, हसरी. मुली शाळेत गेल्या होत्या. तिनं खोली दाखवली. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर तुतीचं झाड. भिंतीत दोन फळ्या, त्यावर मुलींची पुस्तकं. मी खाटेवर बसले. बराच वेळ बसले असेन, कारण तिनं चहा करून आणला. मी विचारलं, “हितं दार आतनं लागतं का?” ती म्हणाली, “लागतं की. खोली माझीच हाय.” मग तिनं कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, “आजी, तुमचं कोण होतं हितं?”

शांताबाई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, “कुणी न्हवतं.”