स्टिअरिंगवरचं बोट

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीहून पर्थला जाताना माझी गाडी बंद पडली, तेव्हा गहू पिकवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला लिफ्ट दिली. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, आणि समोरचाही तसंच करायचा. एकाने मात्र सरळ मान फिरवली.

"ओळखीचा नाही वाटतं?"

"शेजारी आहे, मेट. गारपिटीने दोघांचाही गहू आडवा केला. पण सरकारी मदतीची हद्द आमच्या कुंपणापाशी संपते. मला पैसे मिळाले, त्याला नाही. तेव्हापासून असंच."

"मग तुम्ही तरी कशाला बोट उचलता?" मी जरा चिडूनच म्हणालो.

तो आरशात लहान होत जाणारी ती गाडी बघत राहिला.

"मदत मला मिळाली ना? मग आधी मीच उचलायला हवं."